लुगडं एक, नशिबं दोन

२०१० च्या जानेवारीत ‘नटरंग’ हा चित्रपट आला आणि २०११ च्या मे महिन्यात ‘बालगंधर्व’. दिग्दर्शक एकच, रवी जाधव. मराठी माणसाने दोन्ही चित्रपट डोक्यावर घेतले. म्हटलं तर दोन्हींची गोष्टही एकच होती, रंगमंचावर बाई होणाऱ्या पुरुषाची. पण एका चित्रपटात त्या पुरुषावर फुलं पडतात, आणि दुसऱ्यात त्याच्यावर अत्याचार होतो, त्याचं घर त्याला तोंड दाखवू नको म्हणतं. आनंद यादवांच्या कादंबरीतला गुणा हा कल्पित माणूस आहे, बालगंधर्व खरे होऊन गेले, हा फरक आहेच. पण गुणासारखी माणसं कल्पित नव्हती. ती प्रत्येक फडात होती. मग एकाच वेषाची ही दोन नशिबं आली कुठून? आज याच प्रश्नाचा माग काढू.

सुरुवात बालगंधर्वांपासून करू, कारण ते आपल्याला जास्त ठाऊक आहेत. नारायण श्रीपाद राजहंस हे १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि शकुंतला झाले. पुढे ‘मानापमान’ची भामिनी, ‘स्वयंवर’ची रुक्मिणी, ‘एकच प्याला’ची सिंधू. त्यांचा अंबाडा, त्यांचा पदर, त्यांच्या नथीचा डौल पाहून घरंदाज स्त्रिया आपली राहणी ठरवीत. म्हणजे पाहा, बाईने कसं दिसावं हे बायका एका पुरुषाकडून शिकत होत्या! भामिनीची गंमत तर आणखी एक. नाटकात ही श्रीमंताची लेक वनमाला हे नाव घेऊन गरीब मुलीचं सोंग करते. बाई झालेला पुरुष दुसऱ्या बाईचं सोंग आणतो, आणि प्रेक्षकाला त्यात काही वावगं वाटत नाही.

त्याच काळात दादासाहेब फाळक्यांनी चित्रपट सुरू केला. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती व्हायला बाई मिळेना. अखेर अण्णा साळुंके नावाचा, उपाहारगृहात काम करणारा तरुण तारामती झाला. हेच साळुंके १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये रामही झाले आणि सीताही. एकाच अंगाने दोघांचा संसार! प्रेक्षकांनी तोही भक्तिभावाने पाहिला.

तेव्हा आपल्या समाजाला पुरुषाने लुगडं नेसण्याचं वावडं होतं, असं म्हणता येत नाही. वावडं दुसऱ्याच कशाचं तरी होतं. ते शोधायला आणखी शंभर वर्षं मागे, पेशवाईच्या उत्तरार्धात जावं लागेल.

तो शाहिरांचा काळ. रामजोशी सोलापूरचे ब्राह्मण, होनाजी गवळी, परशराम सिन्नरजवळच्या वावीचे शिंपी आणि सगनभाऊ मुसलमान, धंद्याने शिकलगार. तलवारींना धार लावणारा माणूस लावण्या रचत होता. सगनभाऊंचं नाव घेताना माझ्यासारख्या, मुसलमान असून मराठीत लिहिणाऱ्या माणसाला जरा जास्त बळ येतं, हे लपवत नाही. या शाहिरांच्या लावणीत बोलते कोण? बहुतेक वेळा बाई. नवरा परगावी गेला म्हणून झुरणारी, सवतीवर चिडलेली, आपल्याला काय हवं ते उघड सांगणारी बाई. ती रचली पुरुषांनी. आणि तमाशाच्या फडात ती नाचून दाखवली कोणी? तीही पुरुषांनीच. दरबारात कलावंतिणी होत्या, पण फडात बाईचं काम करायचा तो नाच्या पोऱ्या. कोवळ्या वयाचा, गोड गळ्याचा मुलगा. त्याला बायकी वेष चढवायचा, पायात चाळ बांधायचे आणि ढोलकीच्या तालावर उभं करायचं.

या वेषाकडे जरा नीट पाहू. नऊवारी लुगडं, काष्टा घातलेलं. हा काष्टा धोतराच्याच जातीचा आहे. दोन पायांमधून कापड मागे घेऊन खोचायचं, म्हणजे पाय मोकळे होतात. याच लुगड्यात बाई शेतात रोपं लावते, विहिरीचं पाणी ओढते, घोड्यावरही बसलेली आहे. कमरेखाली जवळजवळ पुरुषाचं धोतर आणि वर बाईचा पदर. लावणीचं सगळं नाचणं या रचनेवर उभं आहे. काष्टा आहे म्हणून पाय रोवून ठेका देता येतो, लांब ढांग टाकता येते, गिरकी घेऊन एकदम बैठक मारता येते. आणि पदर आहे म्हणून लपवता येतं, दाखवता येतं. दोन्ही हातांनी पदर डोक्यामागे कमानीसारखा ताणून नर्तकी उभी राहते, तेव्हा ती निम्मी लावणी बोललेली असते.

तमाशातल्या गौळणीतली मावशी तर त्याहून सोपी. सोंगाड्याने उपरणं डोक्यावरून पदरासारखं घेतलं की झाली मावशी. मिशा असल्या तर तशाच. चाल बदलली, मान वेळावली, हात कमरेवर गेला, एवढ्यावर प्रेक्षक तिला मावशी म्हणून मान्य करतो. शाळा न शिकलेल्या आपल्या आज्या-पणज्यांना हे कळत होतं की बाईपणातला बराचसा भाग नेसण्याचा आणि चालण्याचा असतो, आणि तो शिकता येतो. त्यासाठी त्यांना कुठलं पुस्तक वाचावं लागलं नव्हतं.

असा प्रकार फक्त मराठीतच होता असंही नाही. आपल्या शेजारच्या विजापुरात सतराव्या शतकात हाशमी नावाचा कवी होऊन गेला. तो जन्मांध होता असं सांगतात. त्याने दखनीत बाईच्या तोंडी गझला लिहिल्या. पुढे लखनौला या जातीच्या कवितेला रेख्ती हे नाव मिळालं. तिथे जानसाहेब नावाचे शायर होते. मुशायऱ्यात ते डोक्यावर ओढणी घेऊन, बायकी हावभाव करून आपली रेख्ती सादर करीत. शब्द बाईचे, म्हणून वेषही बाईचा. घरात दखनी बोलणाऱ्या आणि कागदावर मराठी लिहिणाऱ्या मला या दोन परंपरा सख्ख्या बहिणी वाटतात. मीही लावण्या लिहिल्या आहेत. लिहिताना दर वेळी मनात येतं, ही जी बाई माझ्या कागदावर बोलते आहे, तिचं लुगडं मी कोणाकडून मागून आणलं? पुढची हकिकत वाचली तर उत्तर मिळतं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फडात खऱ्या स्त्रिया उभ्या राहू लागल्या. त्यांतलं पहिलं गाजलेलं नाव पवळा. नगर जिल्ह्यातल्या संगमनेरजवळच्या हिवरगावची ही महार घरातली मुलगी. पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, रेठरे हरणाक्षचे ब्राह्मण. वतन-घरदार सोडून ते तमाशात आले. बापूरावांचे शब्द आणि पवळेचं रूप-गळा यांनी महाराष्ट्र वेडा केला. आता नाच्या पोऱ्याने उसनं घेतलेलं लुगडं जिचं होतं तिच्याच अंगावर आलं. खरं तर गोष्ट इथे सुखाने संपायला हवी होती. पण झालं उलटंच. पोऱ्या नाचत होता तोवर ते सोंग होतं. बाई नाचू लागली तेव्हा लोक म्हणाले, ही अशीच आहे.

इथे जातीचा धागा दिसतो. लावणीतली बाई जे मागते ते पोऱ्याने मागितलं तर ती कला, दलित बाईने मागितलं तर तो तिचा स्वभाव. पठ्ठे बापूरावांनी महाडच्या लढ्यासाठी तमाशाचे पैसे देऊ केले, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते नाकारले, ही हकिकत अभ्यासकांनी नोंदवली आहे. आपल्या समाजातल्या स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा त्यांना नको होता. काहींना हे कठोर वाटतं. पण ज्यांच्या लेकी-सुनांवर तो शिक्का बसत होता, त्यांच्या बाजूने पाहिलं की त्यातली जळजळ कळते. आंबेडकरी जलशांनी पुढे तमाशाचा घाट ठेवला, पण गौळण आणि बाईचं नाचणं वगळलं, ते यामुळेच. पुण्याच्या येरवड्यात वाढलेल्या इतिहासकार शैलजा पाईक यांनी २०२२ साली याच विषयावर मोठा इंग्रजी ग्रंथ लिहिला. ‘अश्लील’ हा शब्द जातीला कसा चिकटवला गेला, हे त्यांनी त्यात उलगडलं आहे. २०२४ मध्ये त्यांना अमेरिकेतली मानाची मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. त्यांच्या आधी शर्मिला रेगे यांनीही लावणी नाचणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न जातीसह मांडला होता.

स्वातंत्र्य मिळालं आणि १९४८ च्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. पुढे सुधारणेसाठी समिती नेमली गेली, बंदी उठली, पण वगाची संहिता तपासून घ्यायची अट आली. तमाशा स्वच्छ करायचा होता. या धुलाईत नाच्याचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. बाई आली तेव्हाच त्याचं लुगडं गेलं होतं. आता तो पुरुषाच्या कपड्यांत, बाईच्या चालीने, फडाच्या कडेला उभा राहिला. वगात त्याचं काम मोलाचं होतं. नाचणारीला जे बोलता येत नाही ते तो बोलायचा. लोचटपणा करणाऱ्या पाटलाला टाळी वाजवून गप्प करायचा. बाई आणि पुढच्या रांगेतली वखवखलेली नजर यांच्यामध्ये तो उभा असायचा. पण लोकांच्या लेखी तो फक्त हसण्याचा विषय झाला.

या नाच्याला चित्रपटात अमर केलं ते कोल्हापूरच्या गणपत पाटलांनी. १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’, १९६४ चा ‘सवाल माझा ऐका’, १९६५ चा ‘केला इशारा जाता जाता’. तमाशापट म्हटलं की ते हवेतच. ते संसारी गृहस्थ होते, बायको-मुलं असलेले. पण पडद्यावरची चाल लोकांनी त्यांच्या अंगाला कायमची शिवून टाकली. हा माणूस खऱ्या आयुष्यात पुरुष आहे, बाप आहे, यावर लोकांचा विश्वास बसेना. त्याची झळ त्यांच्या घरालाही लागली. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव ‘रंग नाच्याचा’. २००८ साली ते गेले.

बालगंधर्वांनी रुक्मिणी केली म्हणून त्यांच्या पुरुषपणाबद्दल कोणी शंका घेतली नाही. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. गणपत पाटलांनी नाच्या केला आणि त्यांचं नावच शिवी झालं.

ही शिवी मी शाळेत ऐकली आहे. आमच्या वर्गात एक मुलगा होता. गळा गोड, हात बोलके. गणपतीच्या मेळ्यात गौळण तोच करायचा आणि सगळा गाव टाळ्या वाजवायचा. लुगडं सोडून तो दुसऱ्या दिवशी खाकी चड्डीत शाळेत आला, की तेच हात, तीच चाल, पण आता टाळ्यांऐवजी हाक यायची, ‘ए गणपत पाटील!’ मास्तरही कधी कधी हाजरी घेताना त्याला त्याच नावाने पुकारत आणि वर्ग फुटायचा. आठवीनंतर तो शाळेत दिसला नाही. तो मुलगा मोठेपणी कोण झाला असता, त्याला बाई आवडली असती की पुरुष, हे त्याचं त्याला तरी तेव्हा कुठे कळलं होतं? त्याला नाचायचं होतं, एवढंच आम्हांला ठाऊक होतं. मेळ्यात गावाला तो चालला, रस्त्यावर चालला नाही.

मला वाटतं, सगळं कोडं या एका गोष्टीत आहे. लुगडं वेशीच्या आत, ठरल्या वेळी, ठरल्या माणसाने नेसलं तर ती संस्कृती. बालगंधर्वांची बाई कुलीन होती. ती पदर सावरणारी, नवऱ्यासाठी झुरणारी, ‘एकच प्याला’त तर नवऱ्याच्या दारूपायी मरणारी सिंधू. तिच्याने कोणाचं घर हलत नव्हतं. लावणीतली बाई मागणारी होती. ती मागणी बाईने नाचून दाखवली तर ती छचोर ठरली, आणि पुरुषाच्या चालीत मुरली तर तो चेष्टेचा विषय झाला. समाजाला भीती कापडाची नव्हती, त्या मागण्याची होती.

आणि याला एक पुरवणी जोडतो. बालगंधर्वांच्या उतारवयात गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या कंपनीत आल्या. उत्तम गाणाऱ्या, विजापूरकडच्या, मुसलमान घरातल्या. पुढे दोघांनी संसार केला. पुरुषाने केलेली रुक्मिणी ज्यांना चालली होती, त्यांतल्या कित्येकांना बालगंधर्वांच्या शेजारी ही बाई चालली नाही. म्हणजे नेसणारा पुरुष की स्त्री, हा प्रश्न शेवटी दुय्यमच होता. नेसणाऱ्याचं घर कुठलं, हा पहिला.

अजून एक जोडी डोळ्यांपुढे ठेवा. १९११ साली ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली, आणि तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले. ही गोष्ट मराठी घराघरांत सांगितली जाते. दुसरी गोष्ट विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांची. दिवस भरलेले असताना त्या फडात नाचत होत्या. मध्येच कळा आल्या. कनातीमागे जाऊन त्या बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे आल्या. एक जण आपलं मूल गमावून बाईचं काम करतो, दुसरी मूल जन्माला घालून त्याच कामावर परत येते. कलेचं इमान दोघांचंही सारखंच. विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हातून सन्मान मिळाला, त्यांच्या नावाने आज राज्य सरकार तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. पण २००२ साली त्या गेल्या तेव्हा त्यांचे शेवटचे दिवस हलाखीचे होते.

आता मघाच्या प्रश्नाकडे येतो. पुरुषांनी रचलेल्या त्या बाईचं स्त्रियांनी काय केलं? त्याचं उत्तर यमुनाबाई वाईकरांच्या बैठकीच्या लावणीत आहे. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये त्या शंभरी ओलांडून गेल्या. बैठकीच्या लावणीत नाचायचं नसतं, बसल्या जागी अदा करायची. एकच ओळ पुन्हा पुन्हा घ्यायची आणि दर वेळी तिचा अर्थ बदलायचा. एकदा रुसवा, एकदा विनवणी, एकदा चक्क टवाळी. शब्द शाहिराचे, पण कुठल्या शब्दावर भुवई उचलायची, कुठे पदराचं टोक बोटाला गुंडाळून थांबायचं, हे तिचं. शाहिराने जिथे बाईला शरण यायला लावलं, तिथे गाणारी नुसत्या नजरेने सांगते, ‘तू म्हणतोस म्हणून मी म्हणते आहे हं!’ शब्द न बदलता तिने लावणी आपली करून घेतली. लिहिणाऱ्याने हे पाहिलं की कळतं, आपण फक्त कापड दिलं, नेसली ती. माझ्या लावणीतली बाई मी कोणाकडून उसनी आणली, ते उत्तर हे असं आहे. ज्यांची नावं कुठल्याच बाडात नाहीत, त्या नाच्या पोऱ्यांकडून आणि या नाचणाऱ्यांकडून.

आज चित्र काही पालटलं आहे. शिकल्यासवरल्या घरातल्या मुली दूरचित्रवाणीवर लावणी नाचतात आणि आईबाप कौतुकाने पाहतात. पुरुष पुन्हा नऊवारी नेसून लावणी करू लागले आहेत. त्यांचे स्वतंत्र प्रयोग होतात, आणि त्यांत विनोदासाठी नव्हे, नाचासाठी टाळी पडते. भूषण कोरगावकरांनी २०१४ साली ‘संगीत बारी’ हे पुस्तक लिहून थिएटरांतल्या बायकांचं जगणं त्यांच्याच बोलण्यातून मांडलं. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. २०१८ मध्ये दोन सज्ञान माणसांचा खाजगीतला समलिंगी संबंध गुन्हा राहिला नाही. कायद्याचं काम कायद्याने थोडंफार केलं.

पण कायदा शाळेच्या वर्गात हाजरी घ्यायला येत नाही. तिथे आपणच असतो. सभागृहात नऊवारी नेसलेल्या तरुणाला वन्स मोअर देणारे आपण, घरी परतताना रिक्षात तीच चाल चालणाऱ्या कोणाला पाहून कोपरखळी मारतो का, एवढं ज्याचं त्याने तपासावं. यंदा गावच्या जत्रेत तमाशा आला, तर मुख्य नाचणारीइतकंच कडेला उभ्या असलेल्या त्या नाच्याकडेही लक्ष द्या. टाळी वाजवून तो पाटलाला गप्प करील तेव्हा हसा, मनसोक्त हसा. विनोद त्याचाच आहे. आणि सकाळी चहाच्या टपरीवर तो भेटला, तर त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा.